चढ कुणाच्या वाट्याला?

मी रस्त्यांचे चढ-उतार आखते. पुण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात माझ्यासमोर दोन स्क्रीन असतात. डावीकडच्या स्क्रीनवर रस्ता वरून दिसतो: वळणे, फाटे, मोऱ्या. उजवीकडच्या स्क्रीनवर तोच रस्ता बाजूने दिसतो: जमीन कुठे उंचावते, कुठे खाली जाते आणि रस्ता तिच्यातून कोणत्या उंचीने न्यायचा. बांधकाम खात्यातली जुनी माणसे याला एल-सेक्शन म्हणतात, आम्ही प्रोफाइल म्हणतो.

सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रात दोन रेषा महत्त्वाच्या. पहिली जमिनीची. ती सर्वेक्षणातून येते, दातेरी असते, आणि तिला माउसने धरून हलवता येत नाही. दुसरी आमची. तिच्यात सरळ तुकडे असतात आणि त्यांना सांधणारे वक्र. दोन सरळ तुकडे जिथे भेटतात त्या बिंदूला आम्ही पीव्हीआय म्हणतो. रेषेवर क्लिक केले की त्या बिंदूपाशी छोटे त्रिकोण उमटतात. मधला त्रिकोण धरला तर बिंदू हवा तिकडे नेता येतो. बाजूचा धरला तर अलीकडचा किंवा पलीकडचा चढ आहे तसा राहतो आणि बिंदू त्याच चढावरून पुढे-मागे सरकतो. गोल खूण धरली की वक्र लांब किंवा आखूड होतो. माउस सोडला की खोदाई, भराव, मोरीच्या तळाची पातळी, गावातल्या उंबऱ्याशी पडणारा फरक असा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

या कामात धर्माचा प्रश्न आहे, हे मला शिक्षणात कुणी सांगितले नव्हते. तो मला सासवडच्या मुक्कामात भेटला.

माझे माहेर नातेपुत्याचे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. घरातली एखादी तरी बाई दिंडीत असायचीच. माझ्या वेळी ती आत्या होती. तिच्या सोबतीने मी पुणे ते सासवड चालले. वाटेतला हा सर्वांत लांब टप्पा, आणि त्यातच दिवे घाट. पालखीच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपतात. मी काय काम करते ते आत्याने दिंडीभर सांगून ठेवले होते. रात्री राहुटीबाहेर दिंडीतले वयोवृद्ध वीणेकरी बुवा मला म्हणाले, “ताई, आता रस्ता चौपदरी होणार, घाट सोपा होणार म्हणतात. चढच राहिला नाही, तर वारीत राहिलं काय?”

आळंदी आणि देहू या दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. कडेला वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट ठेवायची, हा त्या योजनेचाच भाग. त्या कामाशी माझा संबंध नाही. पण बुवांचा प्रश्न कोणत्याही रस्त्याला लागू होतो, म्हणून तो माझ्याजवळ राहिला. त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. कष्ट हे भक्तीचे अंग आहे का? आणि दुसऱ्याच्या वाटेवर चढ ठेवण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मला कुणी दिला?

पहिल्याचे उत्तर वारकरी परंपरेतच आहे. या पंथाने देहदंडाला कधी मोठेपण दिले नाही. संसार सोडू नका, अंगाला राख फासू नका, उपासतापासाने शरीर झिजवू नका, नाम घ्या आणि एकमेकांना धरून राहा, अशी ही शिकवण. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. दुःख सोसले एवढ्यानेच कुणी देवाजवळ जात नाही. वारीचे सार चढात असते, तर गुडघे गेले म्हणून एसटीने पंढरपुरात उतरणाऱ्या आजीचे दर्शन कमी प्रतीचे ठरले असते. तसे म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही.

मग घाटात जे घडते ते काय असते? तिथे सगळ्यांचा वेग सारखा होतो. सपाटीवर पुढे पळणारी तरुण पोरे चढावर म्हाताऱ्यांच्या पावलाने चालतात. कुणाच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन कुणी दुसरीच बाई घेते. टाळ थांबत नाहीत, पण ठेका संथ होतो. बुवांना जे हरवेल असे वाटत होते ते हे असावे. ते त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी निर्माण केलेले आहे. ते मी आखू शकत नाही, आणि माझ्या रेषेने ते नष्ट होऊ नये एवढेच माझ्या हातात आहे. शिवाय चौपदरी झाला म्हणून घाट सपाट होत नाही. डोंगर तिथेच असतो.

दुसरा प्रश्न अवघड आहे. मला वाटते, चढाचे दोन प्रकार आहेत. माणूस आपण होऊन चढतो तो चढ त्याचा. त्याच्या श्रद्धेचा, त्याच्या हौसेचा, त्याच्या निश्चयाचा. त्याला हात लावायला मी कोण? पण ज्याने तो मागितला नव्हता, त्याच्या वाट्याला जो चढ माझ्या टेबलावरून जातो, तो माझा. त्याचा जाब मला द्यावा लागेल. हा फरक नीट धरला की माझ्या कामातल्या साध्या साध्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

आपल्याकडे रस्त्यांचे मानदंड इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. ही संस्था १९३४ सालची. सपाट आणि उंचसखल भागात नेहमीचा चढ ३.३ टक्के, म्हणजे तीस मीटर गेल्यावर एक मीटर वर. अडचण असली तर ५ टक्के. अगदीच इलाज नसला तर थोड्या लांबीपुरता ६.७. डोंगराळ भागात हेच आकडे ५, ६ आणि ७ होतात. वळणावर चढ आणखी हलका करावा लागतो, कारण वळताना गाडीची ओढ खर्च होते. याच नियमांत कमीत कमी उताराचाही आकडा आहे. खोदाईतून जाणाऱ्या रस्त्याला बांधीव गटार असेल तर निदान अर्धा टक्का आणि कच्चे गटार असेल तर एक टक्का उतार हवाच. पूर्ण सपाट ठेवला तर पाणी साचते आणि पावसाळ्यात रस्ता फुटतो. चढ नाहीसा करणे हे आमचे ध्येय कधीच नसते. तो सोसवेल इतका असावा आणि पाणी वाहते राहावे, एवढेच पाहायचे असते.

या नियमांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो टेकाडाच्या माथ्यावरच्या वक्राचा नियम. चढ संपून उतार लागतो तिथे पलीकडचे दिसत नाही. म्हणून वक्र किती लांब हवा याचे सूत्र आहे, आणि त्या सूत्रात एक माणूस बसलेला आहे. त्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरला आहे. त्याला दिसली पाहिजे अशी वस्तू १५ सेंटिमीटर उंच धरली आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत त्याला अडीच सेकंद दिले आहेत. ताशी ८० किलोमीटरच्या रस्त्यावर त्याला १२० मीटर आधी दिसायला हवे. ताशी ६० असेल तर ८० मीटर. खोलगट भागासाठी निराळे सूत्र आहे. तिथे रात्रीचा विचार केला आहे: हेडलाइट ७५ सेंटिमीटर उंचीवर, प्रकाशाचा झोत एक अंशाने वर.

पंधरा सेंटिमीटर म्हणजे काय? रस्त्यावर गडगडत आलेला दगड. झोपलेले कुत्रे. चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा खांदा. सूत्र लिहिणाऱ्यांनी त्या माणसाला पाहिले नव्हते, त्याचे नाव-गाव त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्याच्यासाठी त्यांनी आकड्यांत जागा ठेवली. आपण भूतदया म्हणतो तेव्हा समोर एक चेहरा असतो: भुकेला माणूस, जखमी जनावर. चेहरा नसताना, तो पुढे कधी दिसण्याचीही शक्यता नसताना कुणाची काळजी घेणे ही दयेची फार कठीण पायरी आहे. ती मला कुठल्याही प्रवचनाच्या आधी या सूत्रात दिसली.

आणि तिची गरज किती खरी आहे! दिंड्या पहाटे अंधारात वाटेला लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या दिंडीत दिवे घाटातच एक जेसीबी घुसला आणि वारकऱ्यांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. उतारावरची अवजड गाडी आणि पायी चालणारी माणसे एकाच पट्ट्यात असली, की एका बिघाडाची किंमत कोण मोजतो ते त्या दिवशी दिसले. गाडीच्या बिघाडाचा दोष रस्त्याला देता येत नाही. पण माणसे आणि गाड्या वेगळ्या वाटेने जाव्यात ही व्यवस्था आखणाऱ्याच्या हातात असते, आणि ती वारकऱ्यांची सोय म्हणून नव्हे, त्यांचा हक्क म्हणून झाली पाहिजे.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे एका गावाजवळ रस्ता टेकाडावर चढतो. अलीकडून ४ टक्के चढ, पलीकडे ३ टक्के उतार. ताशी ६० साठी माथ्यावरचा वक्र १०२ मीटर लांब पुरतो आणि रस्ता पीव्हीआयच्या खाली साधारण ९० सेंटिमीटरवरून जातो. ताशी ८० साठी तोच वक्र २२९ मीटर लागतो आणि रस्ता २ मीटर खाली जातो. म्हणजे वेग वीस किलोमीटरने वाढवायचा तर माथ्यावर १ मीटर १० सेंटिमीटर जास्त खोल उतरायचे. स्क्रीनवर ही गोल खूण थोडीशी ओढण्याची गोष्ट आहे.

पण स्क्रीनवरचे चित्र दोन बाबतींत फसवते. एक म्हणजे त्यात उंची सहसा दहापट वाढवून दाखवलेली असते, नाहीतर चढ-उतार डोळ्याला कळणारच नाहीत. त्यामुळे कमरेएवढा उंचवटा डोंगरासारखा दिसतो आणि तो कापावासा वाटतो. दुसरे अधिक गंभीर. प्रोफाइलमध्ये रस्त्याच्या मध्यरेषेवरची जमीन दिसते, तिला रुंदी नसते. मध्यरेषेपासून दहा मीटर डावीकडे घर आहे, पंधरा मीटर उजवीकडे विहीर आहे, हे तिच्यात नसते. त्यासाठी रस्त्याचा आडवा छेद दाखवणारे क्रॉस सेक्शन उघडावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागेवर जावे लागते. आपल्या दर्शनांनी अविद्येची चर्चा पुष्कळ केली आहे. एका अंगाने पाहिलेले खरे असते, पण तेच सगळे आहे असे धरून चालणे हे अज्ञान. माझ्या स्क्रीनवरची प्रत्येक उंची अचूक असते, आणि तरी तिच्यावर विसंबून मी कुणावर अन्याय करू शकते.

त्या टेकाडाच्या माथ्याशीच एका वस्तीचा गाडीरस्ता येऊन मिळत होता. जागेवर गेलो तेव्हा ज्वारीच्या शेतातून एक बाई आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, “बाई, रस्ता खाली गेल्यावर माझा ट्रॅक्टर कुठनं उतरायचा?” दोन मीटर खोल कापलेल्या काठावर त्यांच्या शेताचे तोंड येणार होते. शाळेची पोरे तिथूनच ये-जा करत. गाडीवाल्याला १२० मीटरचे दर्शन मिळावे म्हणून त्या वस्तीने रोज एक चढ-उतार सोसायचा, असा तो हिशेब होता.

परत आल्यावर मी बाजूचा त्रिकोण धरला. अलीकडचा ४ टक्के चढ तसाच ठेवला आणि पीव्हीआय ४० मीटर पुढे सरकवला. पुढचा बिंदू तिथून जवळजवळ किलोमीटरभर लांब होता, त्यामुळे पलीकडचा उतार ३ वरून ३.३ टक्क्यांवर गेला, नियमात बसणारा. वक्र किंचित लांबला, दृष्टीचे अंतर राखले गेले, आणि वस्तीच्या फाट्यापाशी रस्ता सुमारे एक मीटर वर आला. उरलेल्या फरकासाठी हलक्या चढाचा जोडरस्ता पुरला. खोल खोदाई सरकली ती गायरानात. तिथून मेंढरे नेणाऱ्यांची वाट जात होती, म्हणून तिथेही उतरण बांधावी लागली.

या सगळ्यातून मला जे कळले ते मी बुवांच्या प्रश्नाच्या उत्तरादाखल मांडते. चढ सहसा नाहीसा होत नाही, त्याची वाटणी होते. एकाचा कमी केला की दुसरीकडे कुठेतरी तो निघतो: कुणाच्या शेताच्या तोंडाशी, कुणाच्या विहिरीच्या पाण्यात, कुणाच्या इंजिनात, कुणाच्या पाठीत. रस्त्याची रेषा ओढणारा माणूस ही वाटणी करत असतो, त्याला ते माहीत असो वा नसो. आणि वाटणी आली तिथे न्याय आला, धर्म आला. ट्रकच्या इंजिनाला ०.३ टक्के जास्त उतार सोसायला लावणे आणि सहा वर्षांच्या पोराला दप्तर घेऊन दोन मीटरचा काठ चढायला लावणे, ह्या दोन गोष्टी पैशात कदाचित सारख्या येतील. धर्मात त्या सारख्या नाहीत.

याचे सर्वांत उघडे उदाहरण आपल्या शहरांत जागोजागी उभे आहे. मोठ्या रस्त्यावरून पलीकडे जाण्यासाठी पादचारी पूल बांधतात. त्याखाली गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. पुलाची जाडी धरली तर माणसाने सहा मीटर चढायचे आणि तेवढेच उतरायचे. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या वर, चाळीस खाली. ज्यांच्याकडे इंजिन आहे ते सपाटीने जातात, आणि ज्यांच्याकडे दोन गुडघे आहेत, हातात भाजीची पिशवी आहे, कडेवर मूल आहे, त्यांनी चढायचे. उलट बाजूने विचार करून पाहा. पायी माणसांसाठी आणि जनावरांसाठी रस्त्याखालच्या वाटेला तीन मीटर उंची पुरते. रस्ता भरावावर हळूहळू वर नेला आणि वाट त्याखालून जमिनीच्या पातळीवर काढली, तर गाडीतल्या माणसाला तो चढ जाणवतही नाही. याला खर्च येतो. भराव घातला तर गाव दुभंगतो, त्यामुळे भिंत कुठे आणि कमान कुठे याचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात त्या वाटेत पाणी तुंबू नये म्हणून पातळी आधीच नीट बसवावी लागते. हे सगळे खरे. पण ज्याच्या अंगात चढण्याची ताकद आहे त्याने चढावे, एवढे सूत्र मान्य केले तर पुढची गणिते सोडवता येतात. मुळातले सूत्रच उलटे धरले तर कितीही अचूक गणित करा, उत्तर अन्यायाचेच येते.

चढाच्या वाटणीत आणखी एक वाटेकरी आहे, ज्याचा विचार रेषा ओढताना सर्वांत कमी होतो: जो डोंगर प्रत्यक्ष कापतो तो. बारा मीटर रुंदीचा रस्ता दोनशे मीटर लांबीत सरासरी एक मीटर खाली न्यायचा म्हणजे २,४०० घनमीटर खोदाई, बाजूचे उतार वेगळे. दीडशे-दोनशे डंपर माल. कातळ लागला तर ब्रेकर, नाहीतर सुरुंग. स्क्रीनवर मी तीन सेकंदांत केलेला बदल वैशाखात कुणीतरी महिनाभर अंगावर घेतो. संत चोखामेळा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करत असताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते, साल १३३८. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे. जिवंतपणी ज्या पायरीच्या वर त्यांना येऊ दिले नाही, तिथेच. तो चढ भक्तीचा नव्हता. माणसांनी माणसाच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला होता. तो काढायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. वारकरी संप्रदायातला सर्वांत मोठा वेठीचा मजूर-संत बांधकामावर मरण पावला, ही गोष्ट माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. सुरक्षित उताराने खोदाई आखणे, खोलीचे टप्पे पाडणे, ह्या गोष्टी रेषा ओढतानाच ठरतात. ठेकेदाराच्या माथी त्या नंतर मारता येत नाहीत.

जुन्नरजवळ नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल त्या वाटेने देशावर चढत असे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत गाई किती, हत्ती किती, याची मोठी यादी त्यात कोरलेली आहे. पाण्याची टाकी दान देणाऱ्यांचीही नावे त्या घाटात सापडतात. पण कातळात ती वाट कुणी कापली, कुठून चढ घ्यायचा हे कुणी ठरवले, त्यांची नावे कुठेच नाहीत. बोरघाटातही तसेच. तिथला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, ३७ फुटांत एक फूट इतका कठीण चढ घेऊन. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला डोंगरातली वाट दाखवली आणि बदल्यात त्याला जीव गमवावा लागला, अशी कथा लोक सांगतात. खंडाळ्याच्या घाटात त्याचे देऊळ आहे आणि गाडीवाले तिथे नाणे टाकून पुढे जातात. ही कथा इतिहासाला कितपत धरून आहे हा प्रश्न वेगळा. पण वाट दाखवणाऱ्याचे ऋण असते आणि ते चुकते करता येत नाही, हे लोकांना समजले होते, एवढे त्या देवळावरून निश्चित कळते.

यज्ञाचे पुण्य मोठे की वाटेचे? मी शास्त्री नाही. पण आपल्याच परंपरेत विहीर, तळे, धर्मशाळा, अन्नछत्र ही कामे यज्ञाच्या जोडीने धर्मकृत्ये मानली गेली. गाडगेबाबांनी तर हातात झाडू घेतला, गावोगावचे रस्ते साफ केले, पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या आणि देवाच्या दारातली माणसे हाच देव मानला. मी पगार घेऊन काम करते, दान करत नाही. तरी मला वाटते, पगार घेतल्याने कामातला धर्म संपत नाही. तो संपतो, आपण कुणासाठी काम करतो हे पाहणे सोडल्यावर.

फळाची आशा न धरता कर्म करावे, ही गीतेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक कामांत ती पाळणे अवघड, कारण फळ समोर दिसते: पीक येते, रोगी बरा होतो, विद्यार्थी पास होतो. माथ्यावरचा वक्र नीट आखण्याचे फळ म्हणजे न घडलेला अपघात. तो कुणाला दिसत नाही, मोजता येत नाही. जो वाचला त्याला आपण वाचलो हेही कळत नाही. तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. इथे फळाची इच्छा धरायलाच जागा नाही. म्हणून मला हे काम निष्काम कर्माचा सर्वांत सोपा अभ्यास वाटतो. फक्त एक धोका आहे. फळ दिसत नाही म्हणून कामच सैल होण्याचा. निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे, हे दर क्लिकला आठवावे लागते.

तेव्हा बुवांना माझे उत्तर असे. वारीतला चढ तुमचा आहे, तो तुमच्यापासून कुणी घेऊ शकत नाही. रस्ता कितीही मऊ झाला तरी आळंदीहून पंढरपूर पायी गाठायचेच असते. पण अंधारात मागून येणारी गाडी, पायवाटेशी न जुळणारी रस्त्याची कड, सावलीची झाडे गेल्यावर भाजणारे डांबर, ओलांडता न येणारा दुभाजक, ही तुमची तपश्चर्या नाही. ती आमची कसूर आहे. ती भक्तीच्या नावाखाली पोटात घालू नका. आम्हाला जाब विचारा.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातून किंवा शेताजवळून नवा रस्ता जाणार असेल, तर नुसता नकाशा पाहून परत येऊ नका. नकाशात रस्ता कुठून जातो ते कळते, कोणत्या उंचीने जातो ते कळत नाही. एल-सेक्शन मागा. तुमच्या उंबऱ्यासमोरचे चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, शोधा, आजच्या जमिनीची पातळी आणि होणाऱ्या रस्त्याची पातळी यांतला फरक विचारा. पाणी कोणत्या बाजूला जाणार, जनावरे कुठून ओलांडणार, म्हातारी माणसे किती पायऱ्या चढणार, हे विचारा. रेषा कागदावर आहे तोवर ती हलवायला काही क्षण पुरतात. डांबर पडल्यावर तुमच्या पुढच्या दोन पिढ्यांना तो चढ चढावा लागतो.